टोपीवर बिबट्याचं शेपूट

[दृश्य : नारा प्रांत, आसुकाच्या टेकड्या, पहाटेचं धुकं]

इसवी सन 611. पाचव्या महिन्याची पंचमी. कोंबडं आरवताना दरबारी मंडळी तळ्याकाठी जमली आणि फटफटताच उदाच्या माळाकडे निघाली. निमित्त होतं औषधांच्या शिकारीचं, म्हणजे हरणांची कोवळी शिंगं आणि वनौषधी मिळवण्याचं. ‘निहोन शोकी’ या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात या मोहिमेची नोंद आहे. शिकार काय मिळाली, याबद्दल ग्रंथकार अवाक्षर काढत नाही. तो लिहितो कपड्यांबद्दल.

ज्याच्या टोपीचा जो रंग, त्याच रंगाचा पोशाख. टोपीत खोवलेला तुराही पदाप्रमाणे. सगळ्यात वरच्या दोन पदांना सोन्याचा, त्याखालच्या दोन पदांना बिबट्याच्या शेपटाचा, आणि उरलेल्यांना पक्ष्याच्या शेपटाचा. आता, जपानच्या रानात बिबट्या नसतो. ते शेपूट समुद्रापलीकडून आलेलं. ज्याच्या डोक्यावर ते होतं, तो काय चीज आहे हे लांबूनच कळत असणार.

[दृश्य : रेशमी टोपी, जवळून]

हा सगळा थाट तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. 603 साली, सम्राज्ञी सुइको यांच्या काळात, राजपुत्र शोतोकु आणि बडे सरदार सोगा नो उमाको कारभार पाहत असताना, दरबारात बारा पदं ठरवली गेली. सद्गुण, करुणा, शिष्टाचार, विश्वास, न्याय आणि ज्ञान अशी सहा नावं, आणि प्रत्येकात एक थोरलं, एक धाकटं. प्रत्येक पदाला रेशमी टोपी. वर पिशवीसारखी चुण्या घालून बांधलेली, खाली काठ लावलेला. कोणत्या पदाला कोणता रंग, हे मूळ ग्रंथात लिहिलेलंच नाही. जांभळा, निळा, लाल असा जो तक्ता सगळीकडे फिरतो, तो नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्याआधी मान असायचा घराण्याला. किताब कुळाचा, बापाकडून मुलाकडे आपसूक येणारा. टोपी मात्र माणसाची. ती वारशानं मिळत नव्हती आणि कर्तबगारी दाखवली तर वरची मिळू शकत होती. ओनो नो इमोको 607 साली चीनच्या सुई दरबारात वकील म्हणून गेला, तेव्हा तो पाचव्या पदावर होता. पुढे तो पहिल्या पदापर्यंत चढला.

[दृश्य : आसुका-देरा मंदिर, बुद्धमूर्तीचा चेहरा]

आणि हा तोरी. खोगीर बनवणाऱ्यांच्या कुळातला, आजोबा परदेशातून आलेले. त्यानं घडवलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या दारापेक्षा उंच निघाली. बाकीचे कारागीर म्हणाले, दार फोडू. तोरीनं दाराला धक्का न लावता मूर्ती आत नेली. कशी, ते ग्रंथ सांगत नाही. बक्षीस मात्र सांगतो : तिसरं पद आणि ओमी प्रांतात शेतजमीन. म्हणजे 611 च्या हिशोबानं बिबट्याच्या शेपटाचा मान, एका खोगीरवाल्याच्या पोराला.

पण सोगा घराणं स्वतः या पायऱ्यांवर उभंच नव्हतं. टोप्या वाटणाऱ्याला टोपी कोण देणार? 643 साली उमाकोचा मुलगा सोगा नो एमिशी यानं दरबाराला न विचारता आपल्या मुलाला, इरुकाला, मंत्र्याची जांभळी टोपी परस्पर दिली. दोनच वर्षांनी इरुकाला भर दरबारात, सम्राज्ञीच्या समोर कापून काढलं.

त्यानंतर पदं वाढतच गेली. 647 साली तेरा, 649 साली एकोणीस, 664 साली सव्वीस, 685 साली अठ्ठेचाळीस. इतक्या पदांना टोप्या पुरणार कशा? 701 च्या ताइहो कायद्यानं पदं तीसवर आणली, ती श्रेणींमध्ये वाटली (एका श्रेणीत दोन ते चार पदं) आणि टोपीऐवजी हाती कागद दिला, पदाची सनद.

[दृश्य : रंगवलेल्या रेशमाचे ताणे]

रंग आता अंगरख्यावर उतरला. पहिल्या श्रेणीला गडद जांभळा, दुसरी-तिसरीला फिका. चौथी-पाचवी लाल, सहावी-सातवी हिरवी, त्याखाली निळा. युवराजाचा रंग वेगळाच, केशरी. तो कशातून निघतो, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल : अनंताच्या जातीच्या झाडाची फळं आणि करडईची फुलं.

719 साली आणखी एक हुकूम निघाला. अंगरखा नेसताना डावी बाजू वर, उजवी खाली, सगळ्या रयतेनं. किमोनो आजही तसाच नेसतात. उलटा नेसवतात तो फक्त मृताला. त्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या हाती दरबारात धरायची चपटी पट्टी आली, पाचव्या श्रेणीपर्यंत हस्तिदंताची, खालच्यांना लाकडाची.

आणि घराणं? ते मागच्या दारानं परत आलं. पहिल्या श्रेणीच्या माणसाचा मुलगा 21 वर्षांचा झाला की त्याला थेट पाचव्या श्रेणीत जागा. सरकारी नोकरीची सगळ्यात अवघड परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्याला आठवी. तीस पायऱ्यांच्या शिडीत नऊ पायऱ्यांचं अंतर, फक्त बापाच्या नावामुळे. इतकी वर्षं खपून उभारलेली व्यवस्था, आणि तोरीसारख्याची वाट पुन्हा बंद.

हेइआन काळात (इसवी सन 794 ते 1185) चौथ्या श्रेणीपासून वरचे सगळेच काळ्या अंगरख्यात दिसू लागले. इसवी सन 1000 च्या सुमारास तर सम्राट इचिजो यांच्या लाडक्या मांजरीलाही दरबारी पद मिळालं होतं. खोटं नाही, तिला पदवीनिशी हाक मारत.

[दृश्य : तोक्यो, राजवाड्याचा परिसर]

2019 साली सम्राट नारुहितो यांनी राज्यारोहणाला घातलेला तपकिरी-सोनेरी रंग 820 सालच्या फर्मानातला. 2020 साली युवराज आकिशिनो यांनी घातला तो करडईचा केशरी. दरबारी पदंही रद्द झालेली नाहीत. जिवंत माणसाला ती आता देत नाहीत, मृत्यूनंतर देतात. 2022 साली हत्या झालेले माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना पहिल्या श्रेणीतलं कनिष्ठ पद मिळालं.