डावललेल्या मास्तरांचा नांगर

(दृश्य : बांधावरच्या लिंबाखाली टेकवून ठेवलेला जुना लोखंडी नांगर. कॅमेरा हळूहळू फाळाजवळ जातो.)

निवेदन :
हा फाळ बघा. टोकाला झिजलाय, पाठीवर गंज चढलाय. पण त्याच्या वरचं हे माती उलथवणारं पातं, त्याचा बाक अजून जसाच्या तसा आहे. असा नांगर आपल्याकडे घडवणारा माणूस घरातून निघाला होता तो चित्रकार व्हायला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले आणि तिथे कळलं की आपल्या डोळ्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. रंग सुटले, रेघ मात्र हातात राहिली. यंत्रांची रेखाचित्रं ते उत्तम काढत. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले.

(दृश्य : ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कागदावर उमटणारी पेन्सिलची रेघ.)

पुढे बढतीची वेळ आली. जागा त्यांच्या हक्काची होती. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांना कुणी नोकरीवरून काढलं नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण जिथे कामापेक्षा कातडीचा रंग मोठा, तिथे रोज सकाळी हजेरी लावणं त्यांना जमेना. त्यांनी राजीनामा दिला.

बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघांचा सायकलींचा व्यापार आधीच सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या बेळगावात विकत, आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत! नोकरी सुटली तेव्हा पाय टेकवायला जागा होती ती यामुळे.

(दृश्य : लेथ. लोखंडाचा कीस वळ्यावळ्याने खाली पडतो.)

सायकली दुसऱ्यांनी बनवलेल्या. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी घडवायचं होतं. आधी कडबा कापायचं यंत्र झालं. मग लोखंडी नांगर.

आणि हा नांगर कुणी घेईना.

लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांची धास्ती. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर अवलंबून, त्याने बापजाद्यांचा लाकडी नांगर अनोळखी लोखंडासाठी का सोडावा? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना लोक राजीनाम्यावरून थेट कारखान्यावर उडी मारतात. पण माझं मन अडकतं ते इथे, न विकलेला माल रोज डोळ्यांसमोर असताना पुन्हा भट्टी पेटवणाऱ्या या माणसापाशी.

शेवटी पटवलं ते जमिनीनेच. लाकडी नांगर माती उकरतो, हा तिला पालथी घालतो. खोल गेलेलं हरळी-कुंद्याचं तण मुळासकट वर येतं आणि उन्हात वाळून जातं. शेजारच्या वावरात हे दिसल्यावर आणखी सांगायला काय उरलं?

(दृश्य : रेल्वे स्थानकाची पाटी – किर्लोस्करवाडी.)

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. नगरपालिकेला तिथे वस्ती वाढवायची होती. या वेळी हात दिला औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी. जमीन कसली, नुसतं माळरान. निवडुंग आणि साप. १९१० साली पंचवीसेक कामगार आपली बायकापोरं घेऊन लक्ष्मणरावांच्या मागोमाग त्या माळावर आले. ते आले, याचं मला लक्ष्मणरावांच्या धाडसाइतकंच मोल वाटतं. त्यांच्या बायकांनी त्या उघड्या माळावर तीन दगड मांडून चूल पेटवली असेल, ती पहिली संध्याकाळ कशी गेली असेल?

निवडुंग तोडून झाले, शेड उभ्या राहिल्या, घरं झाली. पुढे स्टेशनच्या पाटीवरचं नावही बदललं.

(दृश्य : भट्टी. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं जातं.)

मग पहिलं महायुद्ध लागलं. परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली आणि नेमकं लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या.

(आवाज : ओतीव लोखंडाची धग. क्षणभर शांतता.)

मुंबईत जागा नाकारलेल्या त्या मास्तरांच्या भट्टीत तोफा गेल्या. साच्यातून बाहेर आले नांगराचे फाळ.

(दृश्य : पुन्हा लिंबाखालचा नांगर. एक म्हातारा शेतकरी पात्यावरची सुकलेली माती अंगठ्याने खरवडतो.)