घाटात शिरण्याआधी जुन्या फियाटचं काय करायचं

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘जुन्या फियाटने मुंबई ते रत्नागिरी, किनाऱ्याच्या रस्त्याने’ असा छापला आहे. रस्त्यावर मी येणार आहे. पण त्याआधी गाडी, आणि गाडीच्याही आधी एक मुद्दा. घाटात जुनी गाडी थांबते ती बहुतेक वेळा उष्णतेपायी. चढताना इंजिनात, उतरताना ब्रेकमध्ये आणि दोन्ही वेळा पेट्रोलच्या नळीत. म्हणून जो बदल ही उष्णता कमी करतो किंवा बाहेर काढतो, तो आधी करायचा. चाकं, रंग, सीटकव्हर हे सगळं पैसे उरले तर.

इथे बसलेल्या बहुतेकांना ही गाडी नव्याने सांगायला नको. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होती तोवर या गाडीचा हात माहीत असलेला मिस्त्री गल्लोगल्ली होता. आता तो शोधावा लागतो. म्हणूनच ही माहिती मालकाच्या स्वतःच्या डोक्यात असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

‘चाळीस अश्वशक्तीत घाट कसा चढणार, दुसरं इंजिनच बसवू’ असं म्हणणाऱ्यांना आधी कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तकातले तपशील विसंगत होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी घ्यायचा विचार असेल, तर चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालतच नाही, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरालाही काढता येत नाही. फिरायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत राहा. आणि खरं सांगू? घाट चढायला चाळीस अश्वशक्ती पुरते. दुसऱ्या गियरमध्ये, घाई न करता, पुरते. फक्त इंजिन थंड राहायला हवं.

आता माझा जुना राग. ‘गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका.’ हा सल्ला मुंबईत इतका मुरलाय की शेकडो जुन्या गाड्यांमध्ये आज तो भाग नाहीच. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली एक झडप. आत मेण असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुतेकांत ८२ अंशांच्या आसपास, ते फुगतं आणि झडप उघडू लागते. आणखी दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडते. पूर्ण उघडलेला चांगला थर्मोस्टॅट इंजिन तापवत नाही. तापवतो तो अडकलेला. अडकलेला काढून नवा बसवायच्या ऐवजी जागा रिकामी ठेवली की दोन गोष्टी होतात. सपाटीवर इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, ऑइलमध्ये ओल साठून गाळ होतो, रिंगा लवकर झिजतात. आणि ज्या इंजिनात बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो, तिथे ती वाट कायम उघडी राहते. काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं आणि चढावर गाडी जास्तच तापते. म्हणजे ज्यासाठी काढला तेच वाढतं!

तपासायचा कसा? पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला टेकणार नाही असा लटकवा, तापमापक ठेवा, गॅस लावा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे झडप हलायला हवी. पाणी उकळेपर्यंत नीट उघडली नाही तर फेकून द्या. तिच्या कडेला बारीक भोक असतं, ते बसवताना वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही.

रेडिएटरचं म्हणाल तर बाहेरून पाणी मारून भागत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. टाक्या सोडवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून साफसफाई, करून घ्या, आणि जाळी कुजली असेल तर नवा कोर टाका. झाकणाला स्वस्तातलं रबर लावू नका. समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळणारं पाणी खंडाळ्याला अठ्ठ्याण्णवच्या सुमारास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. झाकणाचा दाब प्रत्येक पीएसआयमागे, म्हणजे चौरस इंचावरच्या प्रत्येक पौंडामागे, उत्कलनबिंदू दीडेक अंशाने वाढवतो. सात पीएसआयचं झाकण दाब धरत नसेल तर ते दहा-अकरा अंश गेले, आणि घाटात तेवढ्यानेच वाफ होते. मात्र जुन्या रेडिएटरला कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त दाबाचं झाकण लावू नका, सांधे सुटतात.

इंजिनवरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. ट्रकमागे रांगत चढताना वेग कमी, म्हणजे वारा कमी, आणि नेमकी तेव्हाच उष्णता सगळ्यात जास्त. त्यासाठी विजेचा पंखा रेडिएटरच्या मागच्या बाजूला, वारा आत ओढेल असा बसवा. ९२ अंशांना सुरू आणि ८७ ला बंद होणारा स्विच, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), २० अँपिअरचा फ्यूज आणि कमीत कमी अडीच चौरस मिलिमीटरची वायर. पंख्याभोवती आवरण हवंच. नाहीतर तोच गरम वारा कडेने पुढे येऊन पुन्हा आत जातो. आणि गाडीवर अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर. मंद वेगात डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. रात्रीच्या घाटात पंखा आणि हेडलाइट दोन्ही बॅटरीवर चालतील आणि तासाभरात दोन्ही मंदावतील. हेडलाइटलाही रिले लावा. जुन्या स्विचमध्ये आणि वायरीत दहा टक्के व्होल्टेज गळलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी पडतो.

पेट्रोलचं संकट नवीन आहे. पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीच्या तळाचा जुना राळेसारखा थर सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढतं. सगळ्या नळ्या फ्लोरोइलास्टोमर अस्तराच्या, आर-९ दर्जाच्या घ्या. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्या. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलाच.

यात उष्णता कुठे आली? शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जाळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं भोक, तोच ठेवला की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, चढावर गाडी अडखळते, इंजिन तापतं, प्लगची चिनी माती पांढरी दिसते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० च्या जागी १२५ घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या गाडीला जवळपास हवं तेवढं. दहा टक्क्यांच्या मिश्रणावर जुळवलेली असेल तर आधी १२२.५ बघा. प्लग फिका तपकिरी आला की थांबा. तारेने भोक मोठं करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात कार्ब्युरेटर देऊ नका.

ब्लॉकवर बसलेला पेट्रोल पंप मागच्या टाकीतून ओढतो, त्यामुळे नळीत दाब कमी आणि बॉनेटखाली गरमी. पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपाखाली बेकेलाइटचं जाड पॅकिंग घाला, नळी सायलेन्सरपासून लांब न्या. विजेचा पंप लावायचा तर टाकीजवळ, आणि अडीच ते चार पीएसआयचाच. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसच्या वर दाब देतो. कार्ब्युरेटरची सुई तो पेलत नाही आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. इंजिन थांबलं की पंप बंद करणारा ऑइल प्रेशरचा स्विच त्याच्या वायरीत असायलाच हवा.

आता ब्रेक, कारण त्याबद्दल विचारणारी चिठ्ठी आली आहे. चार माणसं आणि सामान धरून गाडी बाराशे किलो. खंडाळ्याहून खोपोलीला साधारण साडेपाचशे मीटर उतरायचं, म्हणजे जवळपास १.८ युनिट ऊर्जा कुठेतरी घालवायची: दोन किलोवॅटचा गिझर पाऊण तासाहून जास्त चालवण्याएवढी. ती सगळी ड्रमला दिली की ड्रम फुगून त्याला आतून दाबणाऱ्या शूजपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली जातं. म्हणून ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा, ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबा आणि पूर्ण सोडा. न्यूट्रल कधीच नाही.

जुन्या गाडीत चारही चाकांचा ब्रेक एकाच पाइपलाइनवर आहे. एक नळी फुटली की चारही गेले. उष्णतेशी याचा थेट संबंध नाही, तरी दोन भागांचा टँडम मास्टर सिलिंडर हा माझ्या मते या गाडीतला पहिला बदल, पंख्याच्याही आधी. त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मूळ मापाचाच ठेवा. पुढे डिस्क लावणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा: ड्रमच्या सिलिंडरमध्ये सुमारे दहा पीएसआय दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि आपण स्वतःच उष्णता तयार करतो. रबरी होज सगळे नवे टाका. जुना आतून फुगतो, दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या. कोरडं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हा आकडा १५५ वर येऊ शकतो. मुंबईच्या हवेत दर पावसाळ्यानंतर बदला.

पाच मिनिटं उरली, रस्ता भरभर सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, म्हणजे पनवेल-पेणच्या गर्दीत इंजिन तापत नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरुड, आगरदांडा. फेरीने दिघी. दिवेआगरहून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन. या सगळ्या वाटेवरचा माझा सर्वांत लाडका तुकडा हाच, तिथे थांबाच. मग हरिहरेश्वर, बागमांडला, फेरीने वेसवी. केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. फेरीने धोपावे, गुहागर, तवसाळ. फेरीने जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. रस्ता सपाट वाटतो, पण प्रत्येक खाडीला उतार आणि लगेच खडा चढ आहे. फेरीच्या फळीवर सायलेन्सर घासतो. मागच्या लीफ स्प्रिंगा बसल्या असतील तर आधी कमान भरून घ्या आणि चढताना मागचे दोघे उतरवा.

परतीला पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर करायचं तर गाडीची पारख दापोलीपर्यंत झालेली असते. प्रत्येक थांब्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एकच चाक जास्त गरम असेल तर तिथला सिलिंडर किंवा होज अडकलाय. घाट तिथेच रद्द करा. सोबत फॅन बेल्ट, दोन होज क्लिप, वरचा रेडिएटर पाइप, कंडेन्सर-पॉइंट, पाच लिटर पाणी. घरी आल्यावर गाडीखाली गोड्या पाण्याने भरपूर धुवा, विशेषतः जॅकच्या जागा आणि ब्रेकचे पाइप.

टायरचं आणि वायरिंगचं राहिलं. त्यावर प्रश्न विचारा, आता तेच घेऊ.