सड्यावरची आगोट

मिरगाला आठ दिवस उरलेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या वाडीत आगोटीची धांदल चाललीय. पडवीत लाकडं रचून झाली, सुकट डब्यात गेली, कोकमं वाळली. आणि वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये, मामा एक लाल बादली उघडून बसलेत. रसायन सांडलं की लागणारं सामान हिच्यात असतं.

मामा म्हणजे इथले लॅब अटेंडंट. बादलीतून एकेक वस्तू बाहेर येते. रबरी हातमोजे, गॉगल, कोरडी रेती, प्लास्टिकची सुपली, जाड पिशव्या. ॲसिड शमवणाऱ्या सोड्याची पिशवी मामा हाताने दाबून बघतात. गेल्या पावसाळ्यात दमट हवेने सोड्याचा दगड झाला होता. ॲसिड सांडल्यावर तो फोडत कोण बसणार? यंदा सोडा घट्ट झाकणाच्या बरणीत जातोय.

दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याशिवाय किनाऱ्याने किती कॉलेजं. खारी हवा सगळीकडे सारखीच. बाटल्यांची लेबलं गळतात, लोखंडी फळ्या गंजतात. काय सांडलंय तेच कळलं नाही, तर त्यावर काय टाकायचं हे कुठून कळणार?

मी बी.एस्सी.ला असताना हायड्रोक्लोरिक ॲसिडची अडीच लिटरची बाटली हातातून निसटताना पाहिली आहे. घाईघाईत कुणीतरी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पांढरा धूर उठला, आम्ही खोकत बाहेर पळालो, आणि ते सगळं पाणी मोरीतून बाहेरच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, गेलं. पऱ्याखाली वाडीची विहीर. जांभा पाणी धरून ठेवत नाही, भेगाभेगांतून खाली सोडतो. त्या संध्याकाळी विहिरीवर सांगायला कुणीच गेलं नाही. ते मला आजही खुपतं.

म्हणून इथल्या बादलीत सगळ्यात वर असते वाळूची लांबट पिशवी. ती आधी मोरीच्या तोंडाशी लावायची. मग सोडा, कडेकडेने, आत सरकत. फसफस थांबेपर्यंत टाकत राहायचं.

पाणी नको, तसा लाकडाचा भुसाही नको. गिरणीतून आणलेला भुसा नायट्रिक ॲसिडवर टाकला तर तो पेट घेऊ शकतो. थर्मामीटर फुटून पारा सांडला तर झाडू लागत नाही, कारण झाडूने एका थेंबाचे शंभर होतात. पंखा बंद, खिडक्या उघड्या, टॉर्च जमिनीलगत तिरपा धरायचा की बारीक मणी चमकतात. ते पुठ्ठ्याने एकत्र करून ड्रॉपरने उचलायचे. फटीत राहिलेल्यावर गंधकाची भुकटी. आंब्याच्या मोहोरावर भुरी आली की बागायतदार गंधक फवारतात, तेव्हा गंधक इथे कुणाला नवं नाही.

कपाटाच्या दारावर प्लास्टिकमध्ये घातलेले मराठी कागद आहेत. प्रत्येक रसायनाबरोबर १६ भागांची सेफ्टी डेटा शीट येते, इंग्रजीत. तिचा चौथा भाग प्रथमोपचाराचा, सहावा सांडलवंडीचा. हे दोन भाग विद्यार्थिनींनी मराठीत उतरवले. बाटलीपाशी पहिला पोचतो तो मामा. त्याला वाचता येईल असं लिहायला नको का?

अंगावर उडालं तर आधी माणूस. कपडे उतरवून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली. डोळ्यांनाही तेवढंच. पण पाणी हवं ना! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद म्हणजे नळ कोरडे. इथे आता शॉवरला वेगळी टाकी आहे, उंचावर, आणि तिला दुसरा नळ जोडलेला नाही.

आणि सांडलेलं आपल्या आवाक्याबाहेरचं असेल, वाफा दाटल्या असतील, तर सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घ्यायचं आणि ११२ ला फोन करायचा. त्यात भित्रेपणा नाही.

आज सराव आहे. ॲसिडच्या जागी कोकमाचं आगळ. बरणी आडवी होते, लाल ओहोळ फरशीवरून धावतो. ओरडा होतो, मुलं बाहेर पडतात, कुणीतरी बर्नर बंद करतं. मामा सोड्याची बरणी उघडतात, आणि तेवढ्यात आगळ मोरीत उतरतं. वाळूची पिशवी बादलीतच राहिली.

कुणी बोलत नाही. फरशी पुसली जाते. मामा म्हणतात, "सर, परत सांडा."

या वेळी ते आधी मोरीकडे जातात. पिशवी लावून, पायाने दाबून मग सोडा हातात घेतात. पांढरी भुकटी आगळावर पडते, फेस येतो, लाल रंग कडेपासून काळपट निळा होत आत सरकतो. पिशवीपाशी तो थांबलाय. मामा वाकून पिशवीच्या पलीकडची फरशी बोटाने चाचपून बघतात. बोट कोरडं आहे.

खिडकीबाहेर समुद्रावर ढग भरून आलेत. मामा बादलीच्या झाकणावर खडूने आजची तारीख घालतात.