‘चूक झाली’ आणि ‘चूक मी केली’

नमस्कार! दोन वाक्यं ऐका. ‘कप फुटला.’ ‘कप मी फोडला.’ पोरगं यातलं कुठलं वाक्य बोलतं, यावरून आईला सगळं कळतं. आज हीच फूटपट्टी घेऊन अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांकडे बघूया.

१७ जून १९७२. वॉशिंग्टनमधलं वॉटरगेट संकुल. मध्यरात्री पहारेकऱ्याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली. दार लॉक होऊ नये म्हणून कुणीतरी लावलेली. त्यानं ती काढून टाकली. थोड्या वेळानं येऊन बघतो तर पट्टी परत जागेवर! पोलीस आले, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण सापडले.

ही घुसखोरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीच करायला लावली, हे कधी सिद्ध झालं नाही. त्यांना बुडवलं ते नंतरच्या लपवाछपवीनं. सहाच दिवसांनी त्यांनी सीआयए या गुप्तहेर संस्थेला पुढे करून एफबीआय या तपास यंत्रणेचा तपास रोखायला होकार दिला, आणि तो त्यांच्याच ऑफिसातल्या यंत्रावर रेकॉर्ड झाला.

आता पुढचं नीट ऐका. एप्रिल १९७३ मध्ये हेच निक्सन टीव्हीवर म्हणाले, जबाबदारी सर्वांत वरच्या माणसाची, ती मी घेतो. ऐकायला केवढं मोठेपणाचं! पण राजीनामे गेले सहकाऱ्यांचे, आणि टेपांचा देशाला पत्ताही नव्हता. जुलै १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध ० मतांनी टेपा द्यायला लावल्या, तेव्हा ९ ऑगस्टला खुर्ची सुटली. राजीनाम्याच्या भाषणातही सूर काय, तर काही निर्णय चुकले. निर्णय चुकले, ‘मी चुकलो’ नाही. महिन्याभरात त्यांच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना माफी दिली आणि खटलाच टळला.

रेगन यांच्या काळात इराणला गुपचूप शस्त्रं विकली गेली, त्यातला पैसा निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला गेला. जानेवारी १९८७ मध्ये रेगन म्हणाले, ‘गंभीर चुका झाल्या.’ कुणाकडून? वाक्यात कर्ताच नाही. ४ मार्चला मात्र त्यांनी कबूल केलं: लेबनॉनमध्ये अडकलेल्या अमेरिकी ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिली नाहीत असं मी सांगितलं होतं, मन अजून तेच म्हणतं, पण पुरावे उलट सांगतात. मला हे वाक्य अर्धंच वाटतं. लोकांना पुरलं, पद टिकलं.

केनेडी यांच्याकडे तर आयती सबब होती. सीआयएनं क्युबन निर्वासितांकरवी क्युबावर केलेल्या बे ऑफ पिग्ज हल्ल्याची आखणी आधीच्या आयझेनहॉवर सरकारात सुरू झाली होती. एप्रिल १९६१ मध्ये तो हल्ला पार फसला. केनेडींनी पत्रकारांसमोर सांगितलं, या सरकारचा जबाबदार अधिकारी मी आहे. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांची लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली!

मलाही ते वाक्य आवडतं. पण त्या वर्षअखेरीला पद सोडावं लागलं सीआयएच्या प्रमुखांना. आणि हल्ल्यात पकडलेले अकराशेहून जास्त लोक? त्यांतले बहुतेक डिसेंबर १९६२ पर्यंत क्युबाच्या तुरुंगात होते.