झाडाला तोंड असतं का?

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय 'तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ आणि समाज'. हे नाव मी दिलेलं नाही हां. समोर निम्मे तरी पीएचडीवाले दिसतायत, फुकटच्या चहाची वेळ विचारली त्यावरूनच ओळखलं, त्यामुळे पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची ती बारीक छिद्रं, वगैरे समजावत बसत नाही, थेट माझ्या फजितीवर येते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा सर्वसामान्य लोकांसमोर बोलायला उभं केलं. मी काय केलं, तर लॅब मीटिंगच्याच बेचाळीस स्लाइड्स घेऊन गेले, फक्त पहिल्या स्लाइडवर एका पानाचा फोटो टाकला, म्हणजे झालं की सोपं! दहाव्या स्लाइडपर्यंत मागच्या रांगेतले दोघं झोपले. मग पुढे बसलेल्या एका आजोबांनी हात वर करून विचारलं, "म्हणजे झाडाला तोंड असतं का हो?" लोक हसले, आणि मी, अतिशहाणी, म्हटलं, "नाही काका, तोंड नाही, पर्णरंध्र, त्याला स्टोमा म्हणतात." आजोबा गप्प बसले ते बसलेच. रात्री घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, स्टोमा हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी तोंड! ज्याने हे नाव ठेवलं त्याला जे दिसलं तेच आजोबांना दिसलं होतं, आणि मी त्यांना भर सभेत चूक ठरवून आले. ते अजून सलतं.

तेव्हापासून मी स्लाइड्स नेत नाही, नेलपॉलिश नेते. हसू नका. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की वर चिकटपट्टी दाबून हळूच सोलायचं, काचपट्टीवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, की ओठांसारख्या दोन-दोन पेशींच्या जोड्या दिसतात, मध्ये फट. पेशींमध्ये पोटॅशियम शिरतं, त्यामागून पाणी शिरतं, त्या फुगतात आणि फट उघडते. (घाई करून ओलं असताना सोललंत तर नुसता चिकटा हाती येतो, हे अनुभवाचे बोल.) मी दोन कुंड्या नेते, एक पाणी घातलेली, एक तहानलेली. एकदा एक मुलगी दोन्ही बघून म्हणाली, "याने तोंड मिटलंय." मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असल्याच फटींतून वाफ होऊन जातं, तेव्हा मिटणारच ना बिचारं. आता 'बिचारं' मी म्हणू शकते, तुम्ही पेपरमध्ये लिहू नका.

यावरून आठवलं, आमच्या एका पेपरची बातमी आली होती, मथळा काय तर 'झाडं रडतात'! प्रेसनोट आमच्याच संस्थेने पाठवलेली. मी फोन केला तर म्हणे, "मॅडम, लोकांना पर्णरंध्रं कळत नाहीत." अहो, तहान कळते ना!

चिठ्ठी आलीय, चारच मिनिटं उरलीत. आणि मुद्दा तर अजून राहिलाच, म्हणजे भरभर सांगते. निष्कर्ष सांगू नका, कसं कळलं ते सांगा. 1880 मध्ये डार्विन आणि त्याच्या मुलाने गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या, तर कोंब उजेडाकडे वळेनात, म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वळतो तो टोकाखालचा भाग. हे कुणालाही कळतं, ऑक्सिनचं, म्हणजे कोंब वळवणाऱ्या संप्रेरकाचं, नाव नंतर घ्या. दुसरं, 'याचा उपयोग काय' या प्रश्नावर चिडू नका. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं रोपटं कुणी खात नाही की विकत नाही, पण साधारण सहा आठवड्यांत बी ते बी होतं, म्हणून 2000 साली जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, पूर्ण वाचलेली पहिली वनस्पती तीच ठरली, आणि तिच्यात सापडलेले जनुक मग पिकांमध्ये शोधता येतात. पण तुमच्या कामातून उद्या दुष्काळ हटणार नसेल तर तसं सरळ सांगा. आणि तिसरं... तिसरं विसरले. हां, 'माहीत नाही' म्हणा, जमतं ते.

प्रश्न मागच्या टेबलापाशी विचारा, मायक्रोस्कोप तिथेच लावलाय. आणि कृपा करून त्या डावीकडच्या कुंडीला कुणी पाणी घालू नका, मागच्या वेळी एका दयाळू माणसाने घातलं होतं.