बॉक्सवरचे १० मीटर आणि पाण्यातलं शूटिंग

मंडळी, वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या बॉक्सवर 'इतक्या खोलीपर्यंत चालेल' म्हणून '१० मीटर' छापलेलं असतं ना, तिथूनच सुरू करूया, कारण त्या आकड्याच्या भरवशावर कित्येक कॅमेरे पाणी पितात. तो आकडा येतो कुठून? तर चाचणीतून: कॅमेरा नवा, सील नवीकोरी, पाणी गोडं आणि स्वच्छ, आणि कॅमेरा त्यात नुसता ठेवलेला. कॅमेऱ्या-फोनवर पाणी किती सोसेल हे सांगणारे आयपी नावाचे दर्जे असतात, त्यातला आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल आणि ३० मिनिटं, एवढंच. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच सांगते, त्यामुळे दोन फोनवर आयपी६८ (यातला शेवटचा ८ पाण्याचा) लिहिलेलं असलं तरी दोघांची खोली वेगळी असू शकते. मॅन्युअल वाचा, कंटाळा करू नका.

दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो वरच्या दुप्पट होतो. त्यात तुम्ही कॅमेरा हातात घेऊन उंचावरून उडी मारली तर पाण्यावर आपटताना काचेवर आणि झाकणावर जो दणका बसतो त्याचा त्या छापील खोलीशी काही संबंध नसतो.

खरा खेळ असतो ओ-रिंगचा. ती रबराची बारीक रिंग, तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला की संपलं. आणि गंमत बघा, गळती बऱ्याचदा उथळ पाण्यातच होते, कारण खोल गेल्यावर बाहेरचा दाबच झाकण घट्ट धरतो, वर तो आधार नसतो, म्हणून 'मी तर फक्त वरवर पोहत होतो' असं म्हणणाऱ्यांचेही कॅमेरे जातात. समुद्रातून बाहेर आलात की झाकण लगेच उघडू नका, आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर मीठ सुकून खडे होतात आणि तेच खडे पुढच्या वेळी रिंगखाली जातात. साबण, सनस्क्रीन, क्लोरीन यांनीही सील खराब होते. वेगळं हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची पाणीबंद पेटी, घेतलं असेल तर पहिल्यांदा ते रिकामंच खाली न्या, आत टिश्यू पेपर ठेवून, तो कोरडा राहिला तरच कॅमेरा घाला. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण पाणी आत गेल्यावर वॉरंटी बहुतेक वेळा कामाला येत नाही.

आतली हवा दमट असेल आणि पाणी थंड असेल तर काचेला आतून धुकं धरतं, त्यासाठी आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. टचस्क्रीन पाण्यात धड चालत नाही, वायफाय-ब्लूटूथ काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही, तेव्हा सेटिंग सगळं वरच करून ठेवा. आवाज बुडबुड्यांचाच येणार, तो सोडून द्या.

आता समजा कॅमेरा पूर्ण कोरडा राहिला. तरी व्हिडिओ निळा-हिरवा आणि मळकट येतोच, आणि लोकांना वाटतं कॅमेराच हलक्या दर्जाचा आहे, दुसरा महागडा घेऊया. तसं नाहीये. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, ५ मीटरच्या आसपासच तो बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. त्यात फक्त खोली मोजून चालत नाही: तुम्ही ४ मीटर खाली आहात आणि मासा ३ मीटर लांब आहे, तर उजेड एकूण ७ मीटर पाण्यातून आलाय. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) किंवा लाल फिल्टरने थोडंफार सावरता येतं पण जो लाल लेन्सपर्यंत पोचलाच नाही तो एडिटिंगमध्ये कुठून आणणार, ओढून आणायला गेलात तर नुसते दाणे दिसतात.

सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू साधारण पाव अंतराने जवळ भासतात, आणि हवेत ९० अंश दिसणारी लेन्स पाण्यात ६४ अंशांच्या जवळ येते. त्यामुळे आपण मागे सरकतो, मागे सरकलो की मध्ये पाणी वाढतं, पाणी वाढलं की चित्र अजून मळतं. घुमटासारखी काच, म्हणजे डोम पोर्ट, असेल तर हा कोन परत मिळतो, म्हणून त्यावर खर्च केलेला मला पटतो. आणि जवळ जा हो, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ, अर्थात प्राण्याला त्रास न देता आणि प्रवाळाला धक्का न लावता.

दिवा लावला तर लाल रंग परत येतो, पण लेन्सच्या अगदी शेजारी नको, पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि बर्फ पडल्यासारखं दिसतं. दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर दिवे लावा, थोडे बाहेर वळवून. तरी पाणी फारच गढूळ असलं तर लांबचं शूट विसरा, त्या दिवशी बोटभर अंतरावरचं मॅक्रो करा.