टीव्ही ठेवा, डबी बदला

मगाशी चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "टीव्ही चांगला चालतोय, पण त्यावरची अ‍ॅप्स आता उघडत नाहीत. नवा घ्यावा का?" चित्र नीट दिसत असेल तर अजिबात घेऊ नका. पडदा दहा वर्षं आरामात काढतो. थकतो तो आतला संगणक, तोही चार-पाच वर्षांत. कंपनीला नवा टीव्ही खपवायचा असतो, जुन्याची डागडुजी करण्यात तिला फारसा रस नसतो. मागे एचडीएमआयचं, म्हणजे चित्र-आवाजाच्या जोडणीचं, एक पोर्ट मोकळं असेल तर चार-सहा हजारांची स्टिक, म्हणजे अ‍ॅप्स चालवणारी छोटी डबी, लावली की काम झालं.

आता कोणती स्टिक? लोक आधी 'फोर-के आहे का' म्हणून विचारतात. मी विचारतो, हिला अपडेट कोण देणार आणि किती वर्षं? गूगलची क्रोमकास्ट नावाची अशीच डबी आठवत असेल. 2013 साली 35 डॉलरला आलं, त्याला रिमोटसुद्धा नव्हता, सगळा कारभार फोनवरून. 2024 मध्ये गूगलने त्याचं उत्पादन थांबवलं. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं एका दिवसात जगभर बंद पडली. यंत्र धडधाकट होतं, पण आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती आली. मधल्या काळात ज्यांनी घाईने फॅक्टरी रीसेट केलं, त्यांचे मात्र हाल झाले. तेव्हा डबी अचानक रुसली तर रीसेटचं बटण सगळ्यात शेवटी.

अपडेटच्या याच प्रश्नासाठी बाजारातल्या त्या 'सगळं फुकट' बॉक्सकडे फिरकूसुद्धा नका. दीड-दोन हजारांत मिळतो, दुकानदार शपथेवर सांगतो की सगळे चॅनल दिसतील. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने अशा बिननावाच्या बॉक्सबद्दल जाहीर इशारा दिला. 'बॅडबॉक्स 2.0' नावाचं प्रकरण आहे ते. काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घुसखोर सॉफ्टवेअर भरलेलं येतं आणि तुमच्या घरचं इंटरनेट तिसराच कोणी गुन्ह्यांसाठी वापरतो. ते सोडा, चित्रही धड मिळत नाही. मोठ्या सेवांना चोरून नक्कल होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं संरक्षण लागतं, त्याची एल-1 ही सगळ्यात वरची पातळी नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी चित्र 480 रेघांवर, म्हणजे एचडीच्याही खाली, अडकतं. खोक्यावर 'फोर-के' छापायला काय लागतं?

बरं, फोर-केचंही सांगून टाकतो. नेटफ्लिक्सला त्यासाठी साधारण 15 एमबीपीएसचा वेग लागतो, फुल एचडीला 5 पुरतो. शिवाय प्लॅन सगळ्यात वरचा हवा. आणि फोनपुरता जो स्वस्त मोबाइल प्लॅन आहे ना, तो टीव्हीवर चालतच नाही. घरोघरी भांडणं झाली आहेत यावरून. बत्तीस इंची टीव्ही असेल तर साधी एचडी स्टिक घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या राउटरला लावा.

स्टिक आणलीत, आता लावताना एक गोष्ट बघा. टीव्हीच्या मागे यूएसबीचं पोर्ट असतं, त्याखाली बारीक अक्षरात '5 व्होल्ट, 0.5 अँपियर' लिहिलेलं सापडतं. स्टिकला बहुधा 1 अँपियर लागतो. तरी लोक वायर तिथेच खुपसतात, भिंतीपर्यंत दुसरी वायर कशाला म्हणून. मग मेनू ठीक दिसतो, पण सामना रंगात आला की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. दोष डबीचा नसतो, भूक भागलेली नसते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. एचडीएमआयची छोटी जोडवायर आली असेल तर तीही वापरा. टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक तापते आणि वायफायही क्षीण होतं.

सामन्यावरून आठवलं. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला 25 किंवा 50 चित्रांच्या हिशेबात चालतं, बऱ्याच डब्या मात्र 60 वर अडून बसतात. मग कॅमेरा सीमारेषेकडे वळला की मैदान हिसके घेत सरकतं. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही डबीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट, म्हणजे हा चित्रांचा वेग, जुळवायची सोय असते, अ‍ॅपल टीव्हीतही असते. ती सुरू करा. अ‍ॅपलचा बॉक्स झकास आहे, प्रश्नच नाही, पण पंधरा हजारांच्या घरात जातो. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तरच मी तो सुचवेन.

ब्रॉडबँड कंपनीने जोडणीसोबत सेट-टॉप बॉक्स दिला असेल तर आधी तो लावून बघा, कदाचित स्टिक लागणारही नाही. फक्त जोडणी सोडली की तो परत करावा लागतो का, ते विचारून ठेवा.

घरात आजी-आजोबा असतील तर रिमोट स्वतःच्या हातात घेऊन बघा. आवाज कमी-जास्त करायचं बटण आहे का, मराठीत बोललेलं त्याला कळतं का, अंधारात बोट बरोबर पडतं का? ब्लूटूथ असेल तर कमी ऐकू येणाऱ्यांना हेडफोन लावता येतो, बाकीच्यांच्या कानांना तेवढाच आराम. दोन रिमोट नकोत म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी सुरू करा. सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिंपलिंक' आणि सोनी 'ब्राव्हिया सिंक'. स्टिकचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप जागा होतो.

हो, विचारा. सह्याद्री वाहिनी दिसेल का? प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं अ‍ॅप आणलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. तुम्ही घेताय त्या डबीच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये ते आहे का, हे दुकानातच दुकानदाराला उघडून दाखवायला सांगा. पैसे नंतर द्या.